गडावर त्याच्या नावाची पाटी लावू नका

सह्याद्रीत भटकणारे सर्व ट्रेकिंग ग्रुप, गिर्यारोहण संस्था आणि दुर्गप्रेमी मित्रमंडळं यांना,

स.न.वि.वि.

ग्रुपमधला एखादा जुना भिडू जातो. पन्नाशी-साठीचा, संसार नीट केलेला, शनिवारी रात्रीची एसटी पकडून रविवारी संध्याकाळी मुलांच्या अभ्यासाला घरी हजर होणारा. क्वचित घसाऱ्यावर पाय सुटलेला असतो. बहुतेक वेळा घरीच, हृदयविकाराने नाहीतर दुखण्याने. तेराव्याच्या आत ग्रुपवर ठरतं की त्याच्यासाठी काहीतरी करायचं. आणि मग पुढे येतात त्या सूचना बहुतेक ठरलेल्याच : आवडत्या गडावर काळ्या ग्रॅनाइटची पाटी, कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यात अस्थी, माचीवर शंभर झाडं, त्याचे दोर-हार्नेस नव्या पोरांना, आणि शोकसभेत मुलांकडे बघून दिलेला शब्द, "आता तुम्हाला आम्ही नेणार गडावर." हेतूबद्दल शंका नाही. पण यातलं बरंचसं कोणाला तरी नंतर निस्तरावं लागतं, म्हणून हे पत्र.

आमचं म्हणणं एवढंच, की तो ज्या टाक्याचं पाणी प्यायला, ज्या गावात भाकरी खाल्ली आणि ज्या घराने त्याला दर रविवारी मोकळं सोडलं, त्यांच्या वाट्याला या पैशातलं आणि कष्टातलं काही यावं.

सुरुवात घरापासून, आणि तीही कागदांपासून. हे काम कोणाला सुचत नाही, कारण त्यात फोटो निघत नाही. मृत्यू जिथे झाला तिथल्या निबंधकाकडे त्याची नोंद होते, राहत्या गावी नव्हे. गडावरच प्राण गेला असेल तर पायथ्याच्या ग्रामपंचायतीत. रुग्णालयात नेल्यावर गेला असेल तर ते रुग्णालय ज्या हद्दीत येतं तिथे. नोंदीची मुदत २१ दिवस. त्यानंतर, मृत्यूपासून ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून काम होतं, वर्षभरापर्यंत स्वसाक्षांकित कागद आणि अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. ठाण्या-पुण्यातल्या घरच्यांनी यासाठी दुर्गम तालुक्यात खेपा घालायच्या का? ग्रुपमधल्या एकाने ही जबाबदारी अंगावर घ्यावी आणि दाखल्यावरचं नाव आधार कार्डावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्यावं. वडिलांच्या नावातल्या एका वेलांटीवरून बँकेत कामं अडतात.

दुसरं, बँकेचं पासबुक. मे-जूनच्या सुमाराला खात्यातून २० रुपये किंवा ४३६ रुपये वळते झालेले दिसतात का, ते बघा. २० रुपयांची नोंद म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना : अपघाती मृत्यूला २ लाख. ४३६ रुपयांची म्हणजे जीवनज्योती विमा : कोणत्याही कारणाने मृत्यू आला तरी २ लाख, मात्र वयाच्या ५५ वर्षांपर्यंतच. कित्येक घरांत हे हप्ते जात असतात आणि घरच्यांना पत्ताच नसतो. चढताना हृदयविकाराचा झटका येऊन माणूस गेला तर तो विम्याच्या लेखी अपघात ठरत नाही. तिथे जीवनज्योती उपयोगी पडते, सुरक्षा विमा नाही. कड्यावरून पडून मृत्यू झाला असेल तर पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल यांच्याशिवाय अपघाताचा दावा सहसा उभाच राहत नाही. म्हणून "कशाला त्या देहाची आणखी विटंबना" असं म्हणून गावातूनच परस्पर घरी नेण्याचा आग्रह कोणी धरला, तर त्याला बाजूला घेऊन हे समजावून सांगा. खासगी अपघात विम्याच्या कागदावर अपवादांची यादी असते. दोर लावून केलेली चढाई पुष्कळ पॉलिसींमध्ये त्या यादीत सापडते; साधी पायपीट सहसा नसते. पोलिसांसमोर जबाब देताना 'ॲडव्हेंचर' वगैरे मोघम शब्द न वापरता नेमकं काय चाललं होतं ते सांगावं.

आता पाटी. रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडचे गड. राजगड, साल्हेर, प्रतापगड, खांदेरी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांत हे सगळे आहेत. केंद्रीय संरक्षित स्मारकाला इजा करणं किंवा ते विद्रूप करणं यासाठी १९५८ च्या कायद्यात, २०१० च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. राज्याचा स्वतंत्र कायदा १९६० चा. शिवाय कित्येक गड वनजमिनीवर आहेत आणि हरिश्चंद्रगडासारखे काही तर अभयारण्यात. 'आमची पाटी लहान आहे' असा युक्तिवाद कुठेच चालत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी पाटी टिकत नाही, आणि जाताना दगड घेऊन जाते. ग्रॅनाइटला चार भोकं पाडून लोखंडी बोल्टने ती तटाच्या चिऱ्यावर ठोकतात, मागे सिमेंटचा लपका. घाटमाथ्यावर काही ठिकाणी वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. बोल्ट गंजतो, गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि चिरा आतून फुटतो. जुनी तटबंदी चुन्यात बांधलेली आहे. चुना पाणी पितो आणि सोडतो. सिमेंट ते पाणी आत कोंडतं, मग सिमेंटच्या कडेचाच दगड पापुद्र्याने सुटायला लागतो. दोन-चार पावसाळ्यांत पाटी खाली आणि भिंतीला चार भोकं.

अशा वेळी कोणीतरी रायगडच्या जगदीश्वर मंदिराच्या पायरीवरच्या हिरोजीचा दाखला देतो. सेवेचे ठायी तत्पर हिरोजीने नाव कोरलं ते गड बांधून झाल्यावर. आपल्या मित्राने रायगड बांधलेला नाही.

नाव घालायचंच असेल तर आपल्याकडे त्याची चांगली जुनी रीत आहे : भांड्यावर घालावं. पायथ्याच्या गावात देवळाच्या किंवा शाळेच्या सामानात एक मोठं पातेलं, झाकण, दोन कालथे आणि एक पिंप द्या. भांड्यांच्या दुकानात 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' हे मशीनवर पाच मिनिटांत कोरून मिळतं. पन्नास माणसांच्या भाताला साधारण सहा किलो तांदूळ लागतात, त्याला तीस लिटरच्या आसपासचं पातेलं हवं. बूड जाड बघून घ्या. पातळ स्टीलच्या पातेल्यात चुलीवरचा भात खाली करपतो आणि मग ते पातेलं माळ्यावर जातं. देण्याआधी गावाला विचारा. पातेली पुष्कळ आहेत, पण शाळेचा पंप बंद आहे, असंही उत्तर येईल. मग पंप दुरुस्त करा.

अस्थींबद्दल थोडक्यात, पण स्पष्ट. गडावरचं टाकं हे पिण्याचं पाणी आहे. मार्च-एप्रिलमध्ये वर गुरं राखणारे धनगर, पुजारी, भटके आणि प्राणी, सगळे त्यावर असतात. टाक्याला प्रवाह नसतो. जे पडेल ते तळाशी बसतं. रक्षेपेक्षा तिच्याबरोबर येणारे हार, कुंकू, गुलाल, पंचामृत जास्त घातक, कारण ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात आणि पाणी काळं पडून वास मारतं. विसर्जन वाहत्या नदीवर, संगमावर, घरच्या रीतीने करा. झाडाच्या खड्ड्यात रक्षा घालण्याची कल्पना हल्ली लोकप्रिय आहे. ती वाईट नाही, पण प्रमाण सांभाळा. रक्षा तीव्र अल्कधर्मी आणि खारट असते. अख्खा कलश एका खड्ड्यात रिकामा केला तर रोपाची मुळं जळतात. एक-दोन मुठी, खड्ड्याच्या सगळ्या मातीत नीट मिसळून. बाकी नदीला.

ग्रुपकडे वीस-पंचवीस धडधाकट माणसं असतील तर त्याच्या नावाने करण्यासारखं सर्वांत मोलाचं काम म्हणजे एका टाक्याचा गाळ काढणं. हे काम आठवडाअखेरच्या उत्साहावर होत नाही, हिशोबावर होतं. समजा टाकं ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद, आणि गाळ सरासरी १ मीटर. म्हणजे २० घनमीटर. ओल्या गाळाचं वजन घनमीटरला दीड टनाच्या वर जातं. एकूण ३०-३२ टन धरा. घमेल्यात साधारण १५ किलो मावतं, म्हणजे दोन हजारांहून जास्त घमेली. माणसांची साखळी नीट लागली, दमल्यावर जागा बदलल्या, तर तासाला दीडशे घमेली वर येतात. चौदा तासांचं काम. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त कोणी खेचू शकत नाही, तेव्हा तीन दिवस. 'एका रविवारी उरकू' म्हणणारे अर्धा गाळ काढून जातात, आणि ढवळलेलं उरलेलं पाणी त्या वर्षी कोणाच्याच कामाचं राहत नाही.

परवानगीचा अर्ज तीन महिने आधी : गड ज्यांच्या ताब्यात त्या पुरातत्त्व कार्यालयाकडे, वनजमीन असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे, आणि ग्रामपंचायतीचं पत्र जोडून. सोबत टाक्याची मोजमापं आणि चारी बाजूंचे फोटो द्यावेत. कामाआधी त्या परिसरातली दुसरी टाकी बघून ठेवा. सगळी एकाच वेळी उपसली तर जनावरांनी जायचं कुठे? पाणी उपसताना बेडूक, खेकडे, मासे बादलीत घेऊन शेजारच्या टाक्यात सोडावेत. वरचा थर पालापाचोळा, बाटल्या, चिप्सची पाकिटं. तो पटापट निघतो. खालची चिकणमाती चिवट असते, तिथे पहार मारायचा मोह होतो. मारू नका. तळाच्या कातळावर छिन्नीच्या खुणा, कधी खांबांची खोबणी, कधी अक्षरं असतात. फावडं आडवं धरून खरवडा. शेवटचा फूटभर गाळ चाळणीतून काढा. खापरं, कौलांचे तुकडे, लोखंड, नाणं, काहीही सापडलं तर किती खोलीवर सापडलं ते लिहून, फोटो काढून पुरातत्त्व खात्याच्या माणसाकडे द्यावं. ते घरच्या शोकेसमध्ये मित्राची आठवण म्हणून ठेवलं, तर ती सरळ चोरी.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे गाळ काठावरच टाकणं. जूनच्या पहिल्या दोन मोठ्या सरींत तो पुन्हा टाक्यात. पंधरा-वीस मीटर लांब, टाक्याकडे पाणी येणाऱ्या उताराच्या पलीकडे, आणि तिथे जोतं किंवा जुनं बांधकाम नाही हे बघून टाका. पाणी आणणारी पन्हळ आणि जादा पाणी जाणारा सांडवा मोकळा करा. नवा खोदू नका.

खांबटाकं असेल, म्हणजे आत अंधारात खोदत नेलेलं, तर आत उतरण्याचा विचारही गॅस मीटर असल्याशिवाय करू नका. कुजलेल्या गाळातून विषारी वायू सुटतो. दिवा विझला नाही म्हणजे हवा चांगली, ही समजूत जीव घेते : ज्या वायूने माणूस बेशुद्ध पडतो तो दिवा विझवेलच असं नाही. आणि पहिला पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. गॅस मीटर नसेल तर उघडंच टाकं निवडा.

झाडांचा प्रश्न याहून नाजूक, कारण झाड लावण्याला नाही म्हणणारा माणूस दुष्ट ठरतो. तरी सांगतो. सड्यावर झाडं लावू नका. कासच्या पठारासारखे जे उघडे कातळसडे आहेत, त्यांच्यावरची बोटभर माती हीच तिथल्या पावसाळी फुलांची सृष्टी. खड्डे खणून बाहेरची माती टाकली की तणं येतात आणि ती सृष्टी जाते. तटबुरुजाजवळही नको. वड, पिंपळ, उंबर यांची मुळं चिऱ्यांच्या सांध्यात शिरून बुरूज उकलतात. आपण संवर्धनाच्या मोहिमांत तीच तर तोडत असतो. ग्लिरिसिडिया, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ, निलगिरी यांना डोंगरात आणूच नये. जागा पायथ्याच्या गावात शोधा : देवराईची उजाड कड, शाळेचं आवार, पाणवठ्याकडची वाट. जांभूळ, हिरडा, बेहडा, करंज, आंबा. घाटमाथ्याच्या पावसात अंजनीही, ती वाढते सावकाश पण टिकते.

आणि पाच लावा, शंभर नको. हिशोब पाण्याचा आहे. फेब्रुवारी ते मे हे सतरा आठवडे, रोपाला आठवड्याला १० लिटर धरले तर पाच रोपांना ८५० लिटर. शंभर रोपांना १७ हजार लिटर, आणि तेही एका उन्हाळ्याचे. तीन उन्हाळे काढावे लागतात. हे पाणी मुंबईहून कोणी येऊन घालणार नाही. गावातल्या ज्या माणसाची वाट रोज तिथून जाते त्याच्याशी बोलून महिन्याचा मोबदला ठरवा आणि तीन वर्षांचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढा. रोपांच्या खर्चापेक्षा हा खर्च कितीतरी मोठा असतो. अंदाजपत्रकात तो नसला तर ते वृक्षारोपण नव्हे, फोटोचा कार्यक्रम.

खड्डा दीड फूट लांब-रुंद-खोल, मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्यावा. मुरमाड जमीन असेल तर दोन फूट. तळाला पालापाचोळा, मग माती आणि शेणखत, तीनास एक. रोप दोन वर्षांचं, कमरेएवढं. वीतभर रोप पहिल्याच गवतात हरवतं. लावणी दोन-तीन दमदार पावसांनंतर, जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन करून लावलेल्या रोपाला मूळ धरायला पुरेसा पाऊसच मिळत नाही. पिशवी कापून पूर्ण काढायची, आणि मुळांनी तळाशी वेटोळं केलं असेल तर ते कात्रीने मोकळं करायचं. नाहीतर झाड तीन-चार वर्षांनी एका वादळात मुळासकट उपटतं, आणि खाली बघावं तर मुळं पिशवीच्याच आकारात. शेळ्यांसाठी काटेरी फांद्यांचं कुंपण. वणव्यासाठी डिसेंबरात रोपाभोवती हातभर त्रिज्येचं गवत मुळापासून काढायचं, आणि आळ्यात वाळलेलं गवत न पसरता दगड पसरायचे. दगडाखाली ओल टिकते. गवत फेब्रुवारीत सरपण होतं.

त्याच्या सामानाकडे येऊ. इथे भावनेपेक्षा तारखा महत्त्वाच्या. नायलॉनचा दोर, हार्नेस (कमरेचा पट्टा), स्लिंग (पट्टीचा फास) हे न वापरताही जुने होतात. बहुतेक उत्पादक कपाटात ठेवलेल्या दोरालाही दहा वर्षांची कमाल मर्यादा घालतात, नियमित वापरलेल्याला त्याहून खूप कमी. उत्पादनाचं वर्ष टोकाच्या पट्टीवर असतं. वर्ष कळत नसेल तर दोर बाद. वर्ष कळलं तरी सगळा दोर हातातून सरकवत तपासा : कुठे मऊ पडलाय, चपटा झालाय, कवच चकाकतंय? आणि घरच्यांना एक प्रश्न जरूर विचारा, दोर ठेवला कुठे होता. शहरातल्या फ्लॅटमध्ये अशा गोष्टी हमखास इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळच्या कप्प्यात असतात. बॅटरीतल्या आम्लाची वाफ नायलॉन आतून खाते आणि वरून काहीही दिसत नाही. असा दोर दोन वर्षांचा असला तरी चढाईला देऊ नका.

बाद दोर टाकूनही देऊ नका. त्याचे दोन-दोन मीटरचे तुकडे करा, गरम सुरीने टोकं वितळवा, टोकांना लाल रंग लावा म्हणजे कोणी चुकून वापरणार नाही, आणि त्याच्या मुलांना, भाच्या-पुतण्यांना, शाळेतल्या पोरांना गाठी शिकायला द्या. आठाची गाठ, बोलाइन, क्लोव्ह हिच. हे पोरांच्या हातात राहतं.

कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायच्या कड्या, धातूचे, ते टिकतात. फाटक स्वतःहून मिटतं का, आणि दोराने घासून मिलिमीटरहून खोल चर पडलाय का, एवढं पाहा. हेल्मेटला तडा असेल किंवा ते दहा वर्षांहून जुनं असेल तर बाद. बुटांचं एक अजब असतं : वर्षानुवर्षं खोक्यात नवेकोरे ठेवलेले बूट पहिल्याच चालीत तळ सोडतात, कारण तळव्यातला पॉलियुरेथेनचा थर आपल्या दमट हवेत नुसता पडून भुसभुशीत होतो. 'बाबांचे बूट घालून बाबांच्या गडावर' ही मुलाची इच्छा असेल तर आधी चार दिवस घराजवळ चालून बघा. जुन्या तंबूच्या कापडाचा आतला लेप चिकट होऊन वास येतो, तो धुऊन जात नाही. सॅक, बाटली, काठी, डबा, टोपी ही मात्र घरच्यांची. ती कोणी आठवण म्हणून मागू नये, त्यांनी दिली तर घ्यावी.

फोटो आणि वह्या यांचं काम पहिल्या वर्षातच करा, कारण त्यातली माणसं ओळखणारेही म्हातारे होत असतात. निगेटिव्ह असतील तर आधी ते शोधा. छापील फोटोपेक्षा त्यात कितीतरी जास्त आहे. आपल्या पावसाळ्यात त्यावर बुरशी चढते, म्हणून सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवावेत. छापील फोटो ६०० डीपीआयला (स्कॅनरवरचं बारकाव्याचं माप) स्कॅन करावेत, ३५ मिलिमीटर निगेटिव्ह ३००० च्या आसपास. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, फाटतात. पानासकट स्कॅन करा. फाइलचं नाव वर्ष-महिना-गड असं. मग जुन्या दोघा-तिघांना वहिनींसोबत एका दुपारी बसवा आणि प्रत्येक फोटोखाली डावीकडून उजवीकडे नावं लिहून काढा. ऑनलाइन ठेवलेले फोटो उतरवून घ्यायला विसरू नका : गूगल दोन वर्षं न वापरलेली खाती पुसून टाकू शकतं.

वहीत किंवा फोनमध्ये वाटांच्या नोंदी असतील तर त्या छापण्याआधी कोणीतरी चालून तपासाव्यात आणि शेजारी महिना लिहावा. डिसेंबरातली नाळ, म्हणजे कड्यांमधली अरुंद घळ, जुलैत वाट नसते, धबधबा असतो. त्याने 'सोपी वाट' लिहिलं ते त्याच्या पायांच्या मानाने. जिथे मळलेली वाट सोडून माणसं ढोरवाटेला लागतात अशी एखादी जागा त्याच्या नोंदीत सापडली, तर वन खातं आणि गाव यांच्या संमतीने गडाच्या खाली, त्या फाट्यावर दिशादर्शक लावणं हे त्याच्या नावाला शोभेल. त्यावर वाट, लागणारा वेळ, शेवटचं पाणी कुठे, आणि आणीबाणीचा ११२ क्रमांक. गावातल्या माणसांचे नंबर पत्र्यावर रंगवू नका, ते बदलतात.

शोकसभेबद्दल दोन शब्द. त्याने किती गड केले हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. त्याने कोणाची सॅक उचलली, पावसात कोणाला परत फिरवलं, माथा दिसत असताना स्वतः कधी मागे फिरला, हे सांगा. मुलांना बाप त्यातून कळतो. 'त्याला हवं तसं मरण आलं' हे वाक्य तर कृपा करून कोणीही बोलू नये. तो रविवारी संध्याकाळी घरी यायला निघालेला असायचा.

आणि मुलांना गडावर नेण्याचं ते आश्वासन. ते देण्याआधी वहिनींना एकट्यात विचारा. नको म्हणाल्या तर नको, आणि हा नकार दोन-चार वर्षं टिकला तरी नको. हो म्हणाल्या तर नाव आणि महिना ठरवा : कोण नेणार, कधी, मुलांसोबत घरचं कोण असणार. पहिला गड सोपा घ्या. पेठ शहापूरहून पायऱ्यांनी कोरीगड, लोहगडवाडीतून लोहगड. मुलं जरा मोठी असतील तर लोणावळ्याहून राजमाची, चाल पंधरा किलोमीटरच्या घरात पण चढ फारसा नाही. हरिहरच्या पायऱ्या कितीही देखण्या असल्या तरी गर्दीच्या दिवशी तिथे लहान मुलांना नेणं हा शुद्ध अविचार. स्मृतिदिन पावसाळ्यात येत असेल तर त्या तारखेचा हट्ट धरू नका. डिसेंबर-जानेवारीतला रविवार बघा. बाप गेला त्या गडावर मुलांना पहिल्याच वेळी नेऊ नका. ती स्वतः म्हणतील तेव्हा.

शेवटी, आज धडधाकट असलेल्यांसाठी एक विनंती. प्रत्येक ग्रुपने आपल्या प्रत्येक सदस्याचा एक कागद बंद पाकिटात ठेवावा : रक्तगट, चालू औषधं, हृदय-मधुमेहाचा इतिहास, विम्याचे क्रमांक, कोणत्या खात्यातून कोणता हप्ता जातो, वारस म्हणून कोणाचं नाव लावलंय, आणि काही झालं तर घरी पहिला फोन कोणी करायचा. याची दुसरी प्रत जोडीदाराकडे. फोन उघडण्याचा आकडाही तिला किंवा त्याला माहीत असू द्या. पन्नाशी ओलांडलेल्यांनी पावसाळी मोसमाआधी डॉक्टरकडून तपासणी करून घेऊन तारीख त्याच कागदावर लिहावी. कागद दर जूनमध्ये नवा भरायचा, जुना फाडायचा. जो भरणार नाही त्याला मोहिमेच्या यादीत घेऊ नका, मग तो ग्रुपचा संस्थापक का असेना.

आपले,
गडसंवर्धन आणि डोंगरातल्या बचावकार्यातले काही कार्यकर्ते